बाटलीवरचे साल

सुप्यात द्राक्ष पिकत नाही. जून ते सप्टेंबर इथे जो पाऊस कोसळतो त्यात वेलीची मुळे कुजतील आणि पानांवर केवडा माजेल. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला जाऊन वसली, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. पाऊस मात्र होता तिथेच आहे. तरीही पांढरी बर्गंडी या वाईनच्या सालांवरचे हे पुस्तक मी या परिसरात राहून लिहिले आणि ते इथूनच लिहावे असे मला वाटत आले. सह्याद्रीच्या या माथ्यावर ढग रिते होतात. पलीकडे पूर्वेला उरते ते पर्जन्यछायेचे कोरडे पठार, आणि त्या पठारावर, अकलूजला, निफाडला, दिंडोरीला, विजापूरला द्राक्ष पिकते. आमच्याकडचा पाऊस आणि तिकडची वाईन यांना एकच वारा बांधून ठेवतो. तो ज्या वर्षी वेळेवर माघारी फिरत नाही त्या वर्षी घाटाच्या अलीकडे उभे भात आडवे होते आणि पलीकडे कोवळे घड कुजतात. अशा वर्षातूनही जी वाईन निघते तिच्या चवीत ते वर्ष उतरलेले असते. ते ओळखता येते का, आणि दुसऱ्या वर्षाशी त्याची तुलना करायची तर कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वर्षांची तुलना इथल्या माणसांना नवी नाही. घाट उतरून गोव्यात गेले की मार्च ते मे उर्राकाचे दिवस असतात. काजूची बोंडे तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भट्टीवर चढवायचा; पहिल्या उकळीचा तो उर्राक आणि पुन्हा उकळून काढलेली ती फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोर आला असताना पाऊस पडला, धुके बसले, तर यंदाचा उर्राक तसा नाही हे पिणारे पहिल्या घोटालाच सांगतात. पण उर्राक टिकत नाही. तो त्याच हंगामात संपवायचा, त्यामुळे मागच्या वर्षाशी त्याची तुलना होते ती आठवणीच्या भरवशावर. चांगली पांढरी बर्गंडी दहा-पंधरा वर्षे बाटलीत जगते. तिची दोन वर्षे एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी ठेवता येतात. आठवणीवर विसंबावे लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी तिच्याकडे ओढला गेलो.

दुसरे कारण तिच्या घडणीत आहे. फ्रान्सच्या पूर्वेला, ४७ अंश अक्षांशाच्या आसपास, उत्तरेकडच्या शाब्लीपासून दक्षिणेकडच्या माकोंपर्यंत पसरलेल्या बर्गंडी प्रदेशात पांढरी वाईन जवळजवळ एकाच जातीच्या द्राक्षाची होते. ती जात शार्डोने. आलिगोते नावाची दुसरी एक आहे, पण तिचा वाटा लहान. बोर्दोमध्ये एका जातीचे पीक बिघडले तर दुसरीचा रस वाढवून तोल सावरता येतो. शॅम्पेनमध्ये बहुतेक बाटल्यांवर साल छापलेलेच नसते, कारण अनेक वर्षांच्या वाईन एकत्र करून घराण्याची ठरलेली चव राखणे हेच तिथले कसब. बर्गंडीच्या मळेवाल्याला ही मुभा नाही. जात ठरलेली, जमिनीचा तुकडा ठरलेला, पिंप २२८ लिटरचे, आणि त्या तुकड्याचे नाव लावायचे तर दुसऱ्या तुकड्याचे द्राक्ष मिसळायचे नाही. मर्सो गावातल्या एकाच मळ्याच्या २०१४ आणि २०१५ च्या बाटल्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यात बदललेली मोठी गोष्ट एकच असते, हवामान. मळेवाल्याचा हातही बदलतो, हे खरे. तो पिंपातला गाळ किती वेळा ढवळतो, नव्या लाकडाची पिंपे किती घेतो, रस केव्हा दाबतो, याने फरक पडतो. पण हे बदल सावकाश होतात, एखाद्या पिढीत एखादा. हवामान मात्र दरवर्षी नव्याने येते.

बोन हे या प्रदेशाच्या मध्यावरचे गाव. तिथे द्राक्षतोडणी कोणत्या तारखेला सुरू झाली याची नोंद १३५४ पासून सापडते. थोमा लाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडणी-मजुरांना दिलेल्या पैशांचे हिशेब, नगरसभेच्या नोंदी आणि वर्तमानपत्रे चाळून १३५४ ते २०१८ अशी मालिका लावली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होत असे. १९८८ पासून ती सुमारे १३ दिवस अलीकडे आली. हवामान तापते आहे हे सांगणारे पुरावे पुष्कळ आहेत, पण साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने मजुरी चुकती करताना लिहिलेल्या तारखेतून ते कळावे याचे मला फार मोल वाटते. त्या कारकुनाला हवामानाचा अभ्यास करायचा नव्हता. त्याने तारीख लिहिली, एवढेच. आपल्याकडच्या द्राक्षाविषयी लिहिताना मी शेवटी याच मुद्द्यावर येणार आहे.

आता काही सालांविषयी. २०१४ चा जुलै-ऑगस्ट थंड आणि ढगाळ गेला. त्याआधी २८ जूनला गारांनी कोत द बोनच्या गावांना झोडपले होते, मर्सोही त्यात सापडले. पीक गेल्यातच जमा होते. मग सप्टेंबरमध्ये कोरडे ऊन पडले आणि द्राक्ष सावकाश, आपला आंबटपणा न सोडता पिकले. त्या सालच्या वाईन ताठ आहेत. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, जिभेच्या कडांना धरून राहणारी धार, आणि घोट गिळल्यावर बराच वेळ तोंडात राहणारा खारटसर ओलावा. पांढऱ्या बर्गंडीचे त्या दशकातले सर्वांत चांगले साल म्हणून अनेक जाणकार २०१४ कडे बोट दाखवतात, आणि माझाही कौल तोच आहे. २०१५ उष्ण आणि कोरडे होते. फळ पिवळे, पिकलेले, अंग भरदार, आंबटपणा मऊ. दोन्ही एकत्र मांडल्या तर पहिल्या घोटात लोक २०१५ ला पसंती देतात. जेवण संपेपर्यंत २०१४ चे पेले रिकामे झालेले असतात.

२०१६ ची कथा एका पहाटेची आहे. २६ आणि २७ एप्रिलच्या मधल्या रात्री पारा शून्याखाली गेला. कोवळे फुटवे आधीच ओले होते, आणि सकाळी निरभ्र आकाशात सूर्य वर येताच त्या गोठलेल्या थेंबांतून आलेल्या उन्हाने ते भाजले. एरवी हिमदव ज्या उंच, उताराच्या मळ्यांना सोडते ते मळेही या वेळी सुटले नाहीत. मोंराशे हा जेमतेम आठ हेक्टरांचा तुकडा पांढऱ्या बर्गंडीत सर्वांत मानाचा. तिथल्या सात मालकांच्या हाती प्रत्येकी इतके थोडे द्राक्ष आले की वेगळी वाईन करणेच शक्य नव्हते. त्यांत डोमेन द ला रोमाने-कोंती, लफ्लैव्ह आणि लाफों अशी नावे होती, जी एरवी आपला एक घडही दुसऱ्याच्या टोपलीत जाऊ देणार नाहीत. त्यांनी सगळ्यांचे द्राक्ष एकत्र केले आणि लफ्लैव्हच्या तळघरात मिळून दोन पिंपे वाईन केली. मला ती बाटली कधी मिळणार नाही. तरी २०१६ साल समजून घ्यायला तिच्याबद्दल माहीत असणे पुरेसे आहे. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या एप्रिलअखेर, पुन्हा तशी रात्र आली तेव्हा गावोगावचे लोक पहाटे उठून मळ्यांच्या कडेला ओल्या गवताचे भारे पेटवत होते. धुराचा पडदा सूर्य आणि फुटव्यांच्या मध्ये उभा राहिला आणि त्या वर्षीचे पीक वाचले.

निफाडच्या वाचकाला यात काही परके वाटणार नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, ठिबकचे पाणी सोडले जाते. थंडीने मणी तडकू नयेत, फुगवण थांबू नये, म्हणून माणसे रात्र जागवतात. तिकडे धोका कोवळ्या फुटव्याला आहे, इकडे पिकत्या मण्याला. पण थंडीच्या रात्री बागेत आग घेऊन उभा असलेला शेतकरी दोन्हीकडे आहे, आणि वाईनच्या पुस्तकांत तो फारसा दिसत नाही. त्यांत दिसतो तो पेला हातात धरलेला माणूस. मी या पुस्तकात प्रत्येक सालाची सुरुवात मळ्यातल्या वर्षापासून केली आहे. चाखणे नंतर येते.

२०२० आणि २०२१ ही जोडी मी मुद्दाम लांबवून लिहिली आहे, कारण ती मनातली सोपी समीकरणे मोडते. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत बर्गंडीत ऑगस्टमध्येच तोडणी झाली आणि पांढऱ्या वाईन जड, निस्तेज निघाल्या. त्यातल्या बऱ्याच लवकर म्हाताऱ्या झाल्या. तेव्हापासून उष्ण साल म्हणजे आंबटपणा गेला, अशी धारणा बसली. २०२० मध्येही तोडणी ऑगस्टमध्येच झाली, पाऊस नव्हता, ऊन कडक होते. तरी पांढऱ्या वाईन ताज्या, घट्ट आणि धारदार उतरल्या. मळेवाले याची वेगवेगळी कारणे देतात. वसंत लवकर आल्यामुळे वेलीचे सगळे चक्र आधी सरकले होते, दुष्काळाने मणी लहान राहून सगळेच दाटले होते, आणि २००३ पासून शिकलेल्या लोकांनी तोडणीचा दिवस नेमका पकडला होता. मला तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०२१ त्याच्या अगदी उलट. मार्चअखेर ऊब आली, शार्डोनेचे डोळे फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सलग काही रात्री हिमदव पडले. शार्डोने लाल वाईनच्या पिनो न्वार या जातीच्या आधी फुटते, म्हणून पांढऱ्याचे नुकसान जास्त झाले. जे वाचले त्याची वाईन सडसडीत, कमी अल्कोहोलची, लिंबाच्या धारेची झाली. जुने लोक तिच्यात आपल्या तरुणपणीची बर्गंडी ओळखतात. या दोन सालांच्या बाटल्या एकत्र उघडायला मिळाल्या तर हवामान म्हणजे काय याचा तासभराचा धडा मिळतो.

चाखण्याच्या रीतीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण पहिल्या प्रकरणात ती सविस्तर आहे. तुलना दोन तऱ्हांनी करता येते: एकाच मळ्याची वेगवेगळी साले, किंवा एकाच सालाचे वेगवेगळे मळे. या पुस्तकात पहिली तऱ्हा मुख्य आहे. बाटल्या १२-१३ अंशांवर असाव्यात. फ्रीजमधून थेट काढलेली वाईन चार-पाच अंशांवर असते आणि तिचा वास झोपलेला असतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उलट संकट येते. ओतलेला पेला बघता बघता तापतो, आंबटपणा सैल पडतो आणि अल्कोहोल नाकात चढते. म्हणून थोडे थोडे ओतावे. पेले सगळे एकाच आकाराचे घ्यावेत. बाटल्यांना कागद गुंडाळून क्रमांक घालावेत आणि कोणते साल कुठे आहे हे ओतणाऱ्यालाच माहीत असावे. एका बैठकीत पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. थुंकायला भांडे ठेवावे, कारण वाईन पोटात गेली की पुढची साले सगळी सारखीच छान लागू लागतात. आधी फोडणीचे, लसणाचे काही खाऊ नये. सर्वांत महत्त्वाचे, आपापल्या वहीत लिहून झाल्याशिवाय कोणी तोंड उघडू नये. एकजण मोठ्याने म्हणाला की बाकीच्यांच्या नाकात तोच वास शिरतो. मग अर्ध्या तासाने प्रत्येक पेल्याकडे परत यावे. पहिल्यांदा गप्प असलेले साल त्या वेळी बोलायला लागते.

लेबल लपवणे क्षुल्लक वाटेल, पण वाईनच्या आधुनिक इतिहासातली सर्वांत गाजलेली चाखणी त्यावरच उभी आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर यांनी कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाईन झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. पांढऱ्यांत रूलो यांची मर्सो, द्रुएं यांची बोन, रामोने यांची बातार-मोंराशे आणि लफ्लैव्ह यांची प्युलिनी अशा बर्गंडीच्या चार नामांकित बाटल्या होत्या. पहिली आली कॅलिफोर्नियाच्या शातो मोंतेलेनाची १९७३ ची शार्डोने, माइक ग्रगिच यांनी घडवलेली. त्या दिवशी लेबल दिसत असते तर निकाल असा लागला असता असे मला वाटत नाही. आणखी एक बारकावा सहसा सांगितला जात नाही: लफ्लैव्हची बाटली १९७२ ची होती, इतर तिन्ही १९७३ च्या. साले वेगळी असली तर तुलना मळ्यांची आहे की वर्षांची, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

वासांसाठी मी आपल्या घरचे आणि रानाचे शब्द वापरले आहेत. परदेशी पुस्तकांतली गूजबेरी आणि हेझलनट ज्याने कधी हुंगली नाहीत त्याला त्या शब्दांचा उपयोग नाही, आणि मराठी नाकाला त्यांची गरजही नाही. शार्डोनेच्या तरुण वाईनमध्ये पपनसाची साल, अर्धकच्चा पेरू, कधी बकुळीचा वास मिळतो. पिंपात राहिलेल्या मर्सोत ताज्या लोण्याचा वास येतो, कारण द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचे जिवाणूंकडून लॅक्टिक आम्ल होताना डायअसेटिल तयार होते आणि विरजणाच्या दह्यातून काढलेल्या लोण्यातही तेच द्रव्य असते. ज्या घरात रवी फिरते त्या घरातल्या माणसाला हा वास कोणी शिकवावा लागत नाही. काही मळ्यांच्या वाईनमध्ये काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो, तो गंधकाच्या संयुगांचा. वय वाढते तसा भाजलेला काजू, मध, वाळलेला गवती चहा. शाब्लीच्या चुनखडीत लहान शिंपल्यांचे अवशेष आहेत आणि तिथल्या वाईनला समुद्राची चव येते असे म्हणतात. मुळे दगडाची चव शोषून मण्यात नेतात, हे भूशास्त्रज्ञांना मान्य नाही. तो खारटपणा मला मात्र खरोखर लागतो, आणि त्याचे कारण दगडात सापडले नाही म्हणून तो लिहायचा नाही असे मी केलेले नाही.

एक कटू प्रकरण टाळता आले नाही. १९९५-९६ च्या आसपासच्या सालांपासून पांढऱ्या बर्गंडीच्या अनेक बाटल्या वेळेआधीच काळवंडू लागल्या. दहा-पंधरा वर्षे जगायला हवी ती वाईन सात-आठ वर्षांत तपकिरी, कापून ठेवलेल्या सफरचंदाच्या वासाची निघे, आणि त्याच खोक्यातली शेजारची बाटली लखलखीत असे. बूच, पिंपातला गाळ जास्त ढवळण्याची फॅशन, गंधक कमी घालण्याची फॅशन, रस फार स्वच्छ काढणारी नवी यंत्रे, या सगळ्यांवर बोट ठेवले गेले. बहुधा सगळ्यांचाच हात होता. पुढे अनेक मळ्यांनी बुचाचे दाणे धुऊन, दाबून बनवलेले डियाम बूच घेतले आणि परिस्थिती सुधारली. सालांची तुलना करणाऱ्याने यातून घ्यायचा बोध असा: एका बाटलीवरून साल ठरवू नये. म्हणून या पुस्तकात जुन्या सालांच्या नोंदी थोड्या आहेत आणि त्यांत ठाम विधाने आणखी थोडी.

आता आपल्याकडे. नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या रीतीने फेसाळ वाईन करायला घेतली, आणि शार्डोनेचे नाव मराठी मुलखात त्या उद्योगाबरोबर आले. २००१ मध्ये महाराष्ट्राचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. त्याच्या थोडे आधी नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ लावले होते, आणि आजही नाशिकच्या पांढऱ्या वाईनचा कणा याच दोन जातींचा आहे. शार्डोने आपल्याकडे थोडी. अकलूजला फ्रातेल्ली कंपनीने ती धरून ठेवली. मोहिते-पाटील आणि सेखरी कुटुंबे आणि टस्कनीचे सेच्ची बंधू यांनी ही कंपनी उभारली, वाईन घडवायला इटलीचे पिएरो मासी आले. पुढे जुनून या नावाच्या त्यांच्या वाईनसाठी झाँ-शार्ल ब्वासे हा मूळचा बर्गंडीतल्या वूजो गावचा माणूस भागीदार झाला. बर्गंडी आणि सोलापूर जिल्हा यांची गाठ अशी एका बाटलीत पडली आहे. निफाडजवळ रेव्हेलोनेही शार्डोने जपली.

पण उष्णप्रदेशातल्या द्राक्षाचे वर्ष बर्गंडीसारखे नसते, आणि इथे वाचकाने थोडे थांबावे. बर्गंडीत हिवाळा वेलीला झोपवतो, वसंत तिला उठवतो. आपली वेल झोपतच नाही. तिला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर काड्या वाढतात आणि डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला गोडी छाटणीही म्हणतात. मग डोळे फुटावेत म्हणून पेस्ट, मग पोंगा, फुलोरा, मणी धरणे, मण्यात पाणी उतरणे, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. पांढऱ्याची तोडणी बहुधा आधी, आणि पहाटेच्या गारव्यात. बर्गंडीत द्राक्ष पिकत असते तेव्हा दिवस थंडावत जातात. आपल्याकडे ते पिकते तेव्हा दिवस तापत जातात, म्हणून आंबटपणा हातातून निसटायला काही दिवसही पुरतात. आपल्या पांढऱ्या वाईनच्या सालात आंबटपणाचे गणित जवळजवळ सगळे त्या शेवटच्या काही दिवसांत ठरते.

आणि साल कोणते धरायचे? २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार वादळ आले, नोव्हेंबरच्या सुरुवातीला महा. आमच्याकडे, कोकणात, गोव्यात कापणीला आलेले भात पाण्यात गेले. त्याच आठवड्यांत नाशिकच्या बागा पोंग्यात आणि फुलोऱ्यात होत्या. केवडा आला, गळकूज झाली, फवारण्यांवर फवारण्या झाल्या. त्या बागांचे द्राक्ष तुटले २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, आणि बाटलीवर छापले गेले २०२०. लेबल वाचणारा २०२० चे हवामान शोधायला गेला तर त्याला काहीच सापडणार नाही. त्या वाईनचे खरे वर्ष २०१९ च्या पावसाळ्याच्या शेपटात आहे. उलट २०१४ ची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पिकलेल्या घडांवर पडली, त्यामुळे ते साल आणि ते संकट एकाच आकड्यात बसते. ज्याची तोडणी डिसेंबरात सुरू झाली त्याचा घोळ आणखी निराळा. त्यातून एकाच तालुक्यात दोन शेजाऱ्यांची फळछाटणी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने झालेली असते. एकाचा फुलोरा पावसात सापडतो, दुसऱ्याचा सुटतो. बर्गंडीत साल सगळ्या गावाचे असते. नाशिकला छाटणीची तारीख प्रत्येकाचे साल वेगळे करते.

म्हणून आपल्याकडची पांढरी वाईन वर्षागणिक सारखीच असते, तिच्यात साल शोधण्यात अर्थ नाही, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. फरक आहे, आणि नीट जपलेल्या बाटल्यांत तो स्पष्ट लागतो. मुख्य अडचण जपण्याची आहे. आपल्या बाटल्या गोदामात आणि दुकानात उभ्या, तापलेल्या राहतात. दोन उन्हाळे अशा काढलेल्या वाईनमध्ये उरते ती फक्त उन्हाची चव. ज्याला नाशिकची किंवा अकलूजची साले ताडून पाहायची आहेत त्याने वाईन आली की लगेच घ्यावी, थंड जागी आडवी ठेवावी, आणि पुढच्या वर्षीची आली की दोन्ही एकत्र उघडाव्यात. ही चाखणी बर्गंडीपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयातशुल्क राहिले, त्यावर राज्याचे कर वेगळे, त्यामुळे या पुस्तकातल्या बर्गंडीच्या बऱ्याच बाटल्या मित्रांनी मिळून वर्गणीने घेतलेल्या आहेत आणि काही परदेशी राहणाऱ्या आप्तांच्या घरी चाखलेल्या आहेत. त्या सर्वांचे आभार मी त्यांना भेटून मानले आहेत.

ज्या बागायतदारांनी त्यांच्या वह्या मला दाखवल्या त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. छाटणीची तारीख, पेस्टची तारीख, प्रत्येक फवारणी, प्रत्येक पाऊस किती मिलिमीटर, सगळे तिथे लिहिलेले असते. निर्यातीच्या द्राक्षाला तर बागेपर्यंत माग काढता येईल अशी नोंद ठेवावीच लागते. बोनच्या कारकुनाने ठेवली तशीच ही नोंद आहे, त्याहून बारीक. पण वाईन बाटलीत गेली की ती वही आणि ती बाटली यांची ताटातूट होते. वाईन करणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की मागच्या लेबलवर सालाखाली दोन तारखा छापाव्यात, फळछाटणीची आणि तोडणीची. त्याला एका ओळीची जागा लागते, आणि तारखा त्यांच्याकडे असतातच. तोवर वाचकाने आपल्यापुरते काम सुरू करावे यासाठी पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. बर्गंडीच्या तक्त्यात पहिला रकाना सालाचा आहे. नाशिक आणि अकलूजच्या तक्त्यात तो फळछाटणीच्या तारखेचा आहे, आणि ती तारीख कंपनीला पत्र लिहून, फोन करून विचारून भरायची आहे.